एका ऑर्डरच्या मागे चालत जाताना: धंद्यातून उभं राहणारं एंटरप्राइज आर्किटेक्चर

"आमचं ईआरपी जुनं झालंय. नवीन कोणतं घेऊ?"

फोन भोसरीहून असो, चाकणहून असो की रांजणगावहून, सुरुवात बहुतेक याच वाक्यानं होते. (ईआरपी म्हणजे खरेदी, स्टॉक, उत्पादन, हिशेब हे सगळं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर.) पहिले दोन-तीन आठवडे मी या प्रश्नाचं उत्तर देत नाही. विचारणाऱ्याच्या मनात खरं तर दुसरंच काही सलत असतं. माल वेळेवर का निघत नाही, पैसा कुठे अडकलाय, दुसरं युनिट सुरू केल्यापासून दोन्हीकडचे आकडे का जुळत नाहीत. त्यावर नवीन सॉफ्टवेअर हा उपाय त्यानं आधीच ठरवलेला असतो आणि मला फक्त ब्रँड सांगायला बोलावलेलं असतं.

एंटरप्राइज आर्किटेक्चर हे नाव जड आहे, काम तितकं जड नाही. धंदा कोणत्या कामांवर उभा आहे, ती कामं कोणती माणसं, कोणती माहिती आणि कोणत्या प्रणाली मिळून करतात, आणि धंद्याला पुढे जिथे पोचायचंय त्यासाठी यातलं काय, कोणत्या क्रमानं बदलायचं, हे सगळ्यांना एकसारखं दिसेल असं मांडायचं. जॉन झॅकमन यांनी १९८७ मध्ये या मांडणीचा पाया घातला. टोगॅफ या एंटरप्राइज आर्किटेक्चरच्या प्रमाण पद्धतीची पहिली आवृत्ती १९९५ मध्ये आली. टोगॅफच्या पद्धतीत टप्प्यांना इंग्रजी अक्षरं आहेत: बी म्हणजे धंद्याचा आराखडा, सी म्हणजे माहिती आणि अॅप्लिकेशन्स, डी म्हणजे तंत्रज्ञान. क्रम इतका स्पष्ट असूनही कामं डीपासूनच सुरू होतात. सर्व्हर, क्लाउड, लायसन्स, आणि मग या सगळ्यात धंदा कुठे बसवायचा ते बघू!

हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत पंधरा-वीस वर्षं नोकरी करून स्वतंत्र सल्लागार होऊ पाहणारे बरेच जण मला भेटतात. "सुरुवात नेमकी कशी करता?" असं विचारतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे. कारखान्यात "तुम्ही जरा आयटीचं बघा" म्हणून ज्यांच्या गळ्यात हे काम पडलंय, त्यांनाही तो उपयोगी पडेल. उदाहरणं वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या मध्यम कारखान्यांची आहेत, कारण मला तीच जवळून ठाऊक आहेत.

पहिली पायरी: एक प्रश्न, मालकाच्या शब्दांत

स्वतंत्र झाल्यावरच्या माझ्या पहिल्या मोठ्या कामात मी चार महिने खपून जाडजूड अहवाल केला. प्रत्येक प्रणालीचा नकाशा, प्रत्येक इंटरफेसची नोंद. सादरीकरणाला सगळ्यांनी माना डोलावल्या. सहा महिन्यांनी गेलो तेव्हा अहवाल कपाटात होता आणि कंपनीनं एक वेगळंच पॅकेज घेतलं होतं. त्या कंपनीचं काही चुकलं नव्हतं. कोणता निर्णय घ्यायला तो अहवाल मदत करणार आहे, हे मी कोणालाच विचारलं नव्हतं. तेव्हापासून निर्णय ठरल्याशिवाय मी एकही चौकोन काढत नाही.

पहिल्या बैठकीत मी मालकांना तीन गोष्टी विचारतो. येत्या दोन वर्षांत कोणता निर्णय तुम्हाला घ्यावाच लागणार आहे? कोणतं गिऱ्हाईक सुटलं तर तुमची झोप उडेल? आणि कोणती माहिती तुम्हाला रोज कोणाला तरी फोन करून विचारावी लागते? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पटकन येतं आणि सगळ्यात जास्त कामाला येतं. "कंपनीकडून शेड्यूल वाढून आलं की किती माल देऊ शकतो ते मला चार जणांना विचारावं लागतं," असं एका मालकांनी सांगितलं. (शेड्यूल म्हणजे कोणता पार्ट किती आणि कधी हवा, याची गाड्यांच्या कंपनीकडून आलेली मागणी.) आम्ही त्याचं वाक्य बनवलं: "शेड्यूल बदलल्यापासून २४ तासांत, कोणता पार्ट किती आणि कधी देऊ शकतो हे आम्हाला खात्रीनं सांगता आलं पाहिजे, दिवाळीच्या आत." त्या वाक्यात काम आहे, आकडा आहे, मुदत आहे. "डिजिटल ट्रान्सफॉर्मेशन करायचंय" या वाक्यात यातलं काहीच नाही, म्हणून ते लिहून घेण्यात अर्थ नाही.

आपल्याकडे घरचा धंदा असेल तर एक काळजी घ्या. थोरले भाऊ खर्च आटोक्यात आणायचं म्हणतात, धाकटे निर्यात वाढवायची म्हणतात, आणि वडील दोघांसमोर काहीच बोलत नाहीत. प्रत्येकाशी वेगळं बोला, मग तिघांना एकत्र बसवून एकच वाक्य मान्य करून घ्या आणि त्यावर सह्या घ्या. एक वाक्य ठरत नसेल तर काम पुढे नेऊ नका. पुढचा सगळा वेळ त्यांच्या मतभेदाची चित्रं काढण्यात जातो.

दुसरी पायरी: एका ऑर्डरच्या मागे चालत जा

संपूर्ण पद्धतीतला हा भाग मला सर्वात मोलाचा वाटतो आणि वेळही मी इथेच सर्वात जास्त देतो. दोन ऑर्डरी निवडा: एक सुरळीत पार पडून जिचे पैसेही आले अशी, आणि एक जिच्यात गडबड झाली अशी. चौकशी आल्यापासून बँकेत पैसे जमा होईपर्यंतचे सगळे कागद तारखेनुसार लावा. कोटेशन, पीओ (खरेदीची ऑर्डर), शेड्यूल, मटेरियलचा जीआरएन (माल आल्याची नोंद), रूट कार्ड (पार्ट कोणकोणत्या कामांतून जातो त्याचा कागद), तपासणीचा रिपोर्ट, जॉबवर्कचं (बाहेरून करून घेतलेल्या कामाचं) चलन, इनव्हॉइस, ई-वे बिल (माल वाहतुकीचा जीएसटीचा कागद), डेबिट नोट (गिऱ्हाइकानं बिलातून कापलेल्या रकमेचा कागद) असेल तर तीही. मग ते कागद हातात घेऊन त्याच वाटेनं शॉपफ्लोअरवर चालत जा.

काही गोष्टी अनुभवातून सांगतो. लॅपटॉप नेऊ नका, वही न्या. मालकांना किंवा प्लँट हेडला बरोबर घेऊ नका, माणसं मोकळी बोलत नाहीत. "तुम्ही हे कसं करता?" असं विचारण्याऐवजी "शेवटचं केलेलं दाखवा" म्हणा. दुसऱ्या पाळीलाही एकदा जा, कारण दिवसा जे एका फोनवर सुटतं ते रात्री कसं सुटतं हे तिथेच कळतं. कामाला लागलेला वेळ लिहाच, पण दोन कामांच्या मध्ये माल आणि कागद किती वेळ नुसते पडून होते, तेही लिहा.

प्रत्येक थांब्यावर झॅकमन यांच्या तक्त्यातले सहा प्रश्न विचारा: काय, कसं, कुठे, कोण, कधी, का. तो तक्ता भिंतीवर लावून शोभेला ठेवण्यापेक्षा खिशात ठेवून चालायला फार चांगला आहे.

त्या शेड्यूलवाल्या कारखान्यात आम्ही एका ब्रॅकेटच्या मागे निघालो. प्रेसवर पत्रा कापायचा, वेल्डिंग, मग झिंक प्लेटिंगला (जस्ताचा मुलामा द्यायला) बाहेर, परत आला की तपासणी, पॅकिंग, डिस्पॅच. प्लॅनिंगच्या स्क्रीनवर ३,००० नग दिसत होते, तरी त्या आठवड्यात माल कमी गेला होता. स्टोअरमध्ये गेलो.

"काका, सिस्टीमला तर तीन हजार दिसतायत."

"सिस्टीमला आहेत हो. माल प्लेटिंगला गेलाय. सोमवारी येईल."

"हे कुठे कळतं?"

काकांनी टेबलाच्या खणातून निळ्या पुठ्ठ्याची वही काढली. तारीख, चलन नंबर, टेम्पोचा नंबर, गेलेले नग, आलेले नग, आणि कमी आलेले लाल शाईनं. पान न् पान व्यवस्थित. ईआरपीत जॉबवर्कचं मॉड्यूल होतं, त्याचे पैसेही भरलेले होते. मग वही का?

"प्लेटिंगवाला किलोवर घेतो, आपण नगावर देतो," काका म्हणाले. "परत येताना पाच-पंचवीस नगांचा फरक पडतोच. सिस्टीम चलन बंदच करू देत नाही. मग मुलांनी टाकणंच सोडलं."

ईआरपी जुनं झालंय ही तक्रार इथे येऊन पोचली होती! आयटम मास्टरमध्ये, म्हणजे ईआरपीतल्या प्रत्येक पार्टच्या मूळ नोंदीत, एका नगाचं वजन भरलेलं नव्हतं, किती फरक चालेल याची मर्यादा कोणी ठरवली नव्हती, आणि गेटवर माल मोजायची पद्धत दोन्हीकडे वेगळी होती. ईआरपी बदललं असतं तरी ही वही खणातच राहिली असती.

ती वही फक्त सोय नव्हती, जोखीमही होती. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ नुसार जॉबवर्कला पाठवलेला कच्चा किंवा अर्धवट तयार माल एका वर्षात परत आला पाहिजे, नाही तर तो पाठवल्याच्या दिवशीच विकला असं धरून कर लागतो. जॉबवर्कच्या मालाचा हिशेब देणारं आयटीसी-०४ हे विवरणपत्र अकाउंट्सवाले त्या वहीवरून भरत होते. वही हरवली तर काय, हा प्रश्न त्या दिवसापर्यंत कोणी विचारला नव्हता.

अशी वही दिसली की ती ठेवणाऱ्या माणसाला कधी दोष देऊ नका. त्यानंच धंदा चालू ठेवलेला असतो. वहीचे रकाने जसेच्या तसे उतरवून घ्या. नव्या प्रणालीत काय लागणार, याची यादी तुम्हाला तिथे तयार मिळते.

तिसरी पायरी: ए-थ्री कागदावर धंद्याच्या क्षमता

आता कॅपॅबिलिटी मॅप, म्हणजे धंद्याच्या क्षमतांचा नकाशा. वीस-पंचवीस चौकोन पुरेत. प्रत्येक चौकोनात धंद्याला काय करता आलं पाहिजे ते लिहायचं: कोटेशन देणं, नवा पार्ट गिऱ्हाइकाकडून मंजूर करून घेणं, शेड्यूलनुसार उत्पादन आखणं, बाहेरच्या कामाचा माग ठेवणं, दर्जा तपासणं, उधारी वसूल करणं. खात्यांची नावं लिहू नका. खाती उद्या बदलतील, उधारी वसूल करावीच लागेल. सॉफ्टवेअरची नावं तर अजिबात नकोत.

हा कागद करताना त्या कारखान्यात "बाहेरच्या कामाचा माग ठेवणं" हा चौकोन कोणाचा, यावर अर्धा तास गेला. प्लेटिंगवाला परचेसनं निवडलेला, माल स्टोअर पाठवतं, परत आल्यावर क्वालिटी बघतं, चलनांचा हिशेब अकाउंट्स ठेवतं. चौघांचा हात, पण जबाबदारी एकाचीही नाही. संगणकतज्ज्ञ मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्ये लिहून ठेवलंय की संस्था जी प्रणाली बनवते तिची रचना संस्थेतल्या माणसांच्या आपापसातल्या संवादासारखीच होते. परचेस वरच्या मजल्यावर, स्टोअर खाली, म्हणून एकाच ब्रॅकेटला दोन वेगळे कोड. आधी जबाबदार माणूस ठरवला, सॉफ्टवेअरचा विषय त्यानंतर काढला.

मग प्रत्येक खातेप्रमुखाला रंगीत टिकल्या द्या. पहिल्या पायरीतल्या वाक्यासाठी कोणते चौकोन सर्वात महत्त्वाचे, आणि त्यातले कोणते आज नीट चालत नाहीत, ते ज्यानं त्यानं स्वतः लावायचं. टिकल्या जिथे एकमेकांशी जुळत नाहीत तिथे थांबा आणि बोलू द्या. महत्त्वाचे असूनही नीट न चालणारे चौकोन लाल करा, पण शेवटी लाल चौकोन चार-पाचच ठेवा. सगळंच लाल केलं तर मालकांना कागदावरून काहीच ठरवता येत नाही.

चौथी पायरी: प्रणालींची खरी यादी

हे काम सरळ आहे, फार लांबवू नका. ईआरपी, टॅली, पगाराचं सॉफ्टवेअर, मशीनवरचा डेटा, गिऱ्हाइकांची पोर्टल्स, आणि त्यांच्या बरोबरीनं एक्सेल, वह्या आणि व्हॉट्सअॅप ग्रुप. प्रत्येकासमोर लिहा: कोणत्या चौकोनाला आधार देते, वर्षाचा खर्च किती, करार कधी संपतो, आणि ती आतून कळणारा माणूस कोण. शेवटच्या रकान्यात एकच नाव असेल आणि ते नाव निवृत्तीला आलं असेल तर त्या ओळीखाली रेघ मारा.

गार्टनर या आयटी संशोधन कंपनीची चार भागांची पद्धत इथे कामाला येते: आहे तसं चालू द्या, त्यात पैसा घाला, दुसरीकडे हलवा, बंद करा. प्रत्येक प्रणालीला यातला एक शेरा द्या.

बाहेरून येणाऱ्या तारखाही याच यादीत टाका. कंपनी कायद्याखालच्या नियमांमुळे १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहिली पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये. वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर १ ऑगस्ट २०२३ पासून व्यापाऱ्यांमधल्या विक्रीला ई-इनव्हॉइस लागतं. सॅप कंपनीचं ईसीसी हे जुनं ईआरपी ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी मुख्य सपोर्टची २०२७ अखेरची तारीख महत्त्वाची. मालकांना हे आर्किटेक्चर म्हणून सांगू नका, तारीख म्हणून सांगा. लगेच कान टवकारतात.

पाचवी पायरी: पर्याय आणि त्यांचे पैसे

प्रत्येक लाल चौकोनासाठी तीन पर्याय मांडा आणि त्यातला एक "काहीच करायचं नाही" हा असू द्या. आकडे बाहेरून आणू नका. अकाउंट्सकडे गेल्या वर्षभराच्या डेबिट नोटा असतात, खास टेम्पो करून माल पाठवल्याची बिलं असतात, ओव्हरटाइम असतो, महिनाअखेरचा स्टॉक असतो. ती बिलं मालकांसमोर टेबलावर ठेवा. स्वतःच्या बिलांवर ते वाद घालत नाहीत.

ब्रॅकेटच्या बाबतीत पर्याय असे होते. एक, नवीन ईआरपी. दोन, आहे त्याच ईआरपीत प्रत्येक पार्टचं वजन भरायचं, किती टक्के फरक चालेल ते ठरवायचं, गेटवर वजनकाटा बसवून दोन्ही बाजूंनी त्याच काट्याचं वजन मानायचं, आणि चलन त्याच दिवशी बंद करायचं. तीन, वही चालू ठेवायची. मी दुसरा सुचवला. ईआरपी विकणाऱ्याला ते आवडलं नाही. मालकांना मात्र आवडलं, कारण ठरवलेलं वाक्य दिवाळीच्या आत पुरं होण्याची शक्यता त्यातच होती.

निर्णयाचं टिपण एका पानाचं करा आणि मराठीत करा. स्टोअरपासून संचालकांपर्यंत सगळ्यांना ते न अडखळता वाचता आलं पाहिजे.

सहावी पायरी: कारखान्याच्या कॅलेंडरवर रोडमॅप

तिमाहीच्या सरळ पट्ट्या काढून रोडमॅप, म्हणजे कोणता बदल कधी करायचा याचा आराखडा, होत नाही. मार्च म्हणजे वर्षअखेर आणि स्टॉक मोजणी, तेव्हा अकाउंट्सला हात लावू नका. दसरा-दिवाळीच्या आधी गाड्यांची मागणी वाढते, शेड्यूल वाढतं, तेव्हा डिस्पॅचला हात लावू नका. गणपतीच्या दहा दिवसांत पुण्यात माणसं आणि रस्ते दोन्ही मिळत नाहीत. पिंपरी-चिंचवड, भोसरी पट्ट्यात बऱ्याच ठिकाणी गुरुवारी सुट्टी असते, तो दिवस नवीन प्रणालीवर जाण्यासाठी चांगला, फक्त गिऱ्हाइकाकडे माल उतरवणं चालू आहे का ते आधी विचारा.

नव्वद दिवसांच्या तुकड्यांत आखा आणि प्रत्येक तुकड्याच्या शेवटी लाल चौकोनातला एक तरी रंग बदललेला दिसला पाहिजे. ब्रॅकेटच्या कामात पहिल्या तुकड्यात फक्त वजनं भरली आणि जबाबदार माणूस नेमला. सॉफ्टवेअरचा एक रुपयाही खर्च नाही. दुसऱ्या तुकड्यात गेटवरचा काटा आणि चलनाची नवी पद्धत. तिसऱ्यात कुठे प्लॅनिंगची स्क्रीन बदलली.

याच वेळी चार-पाच नियम ठरवून घ्या. आमचे असे होते: एका पार्टला सगळीकडे एकच कोड. नवीन कोड फक्त इंजिनिअरिंग काढेल. जी नोंद एकदा झाली ती दुसऱ्यांदा हातानं होणार नाही. नवीन सॉफ्टवेअर घ्यायचं तर ते कोणत्या चौकोनासाठी हे आधी सांगायचं. महिन्यातून एकदा, तासभर, खातेप्रमुख त्या कागदासमोर उभे राहून हे नियम कुठे मोडले ते बघतील. उभं राहूनच, बसलं की तासाचे दोन तास होतात.

सल्लागारानं स्वतःचं काय सांभाळावं

कोणत्याही सॉफ्टवेअर विक्रेत्याकडून कमिशन घेऊ नका आणि घेत नाही हे करारात लिहा. एकदा घेतलं की दुसरा पर्याय तुमच्या तोंडून निघतच नाही. पहिल्या दोन पायऱ्यांचं वेगळं, छोटं काम घ्या, त्याची फी वेगळी ठेवा, आणि तिथे थांबायची मोकळीक गिऱ्हाइकाला द्या. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून ठेवा. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल लेखी ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं. हे बिलावर नम्रपणे छापलेलं असलं की फोन कमी करावे लागतात.

आणि पहिल्या दिवसापासून कंपनीतला एक माणूस बरोबर घ्या. ब्रॅकेटच्या कारखान्यात प्लॅनिंगमधल्या एका ताईंनी हे काम उचललं. आता कागद त्याच बदलतात, मी बदलत नाही. मूळ फाइल त्यांच्याकडे, छापील प्रत प्लॅनिंगच्या भिंतीवर. कोपऱ्यात शेवटच्या बदलाची तारीख असते. ती तीन महिन्यांपेक्षा जुनी दिसली तर कागद भिंतीवरून काढायचा आणि पुन्हा एका ऑर्डरच्या मागे चालत जायचं, असं आमचं ठरलंय.